तिन्हीसांजेची भूक : आंजी आणि वर्ध्याच्या परिसरातील संध्याकाळच्या खाण्याचा इतिहास

दुपारचे जेवण जिरलेले असते आणि रात्रीच्या जेवणाला अजून अवकाश असतो. या वेळी जे खाल्ले जाते त्याला मराठीत एक नाव नाही, अनेक आहेत. भूक खरी असेल आणि थोडक्यात भागवायची असेल, तर तो ‘पोटाला आधार’. भूक नसताना काहीतरी चघळावेसे वाटले, तर ‘तोंड चाळवले’. जे मिळेल ते, जसे मिळेल तसे खाल्ले, तर ते ‘अरबटचरबट’. गरज, ओढ आणि अतिरेक यांतला फरक भाषेने फार पूर्वीच टिपून ठेवला आहे. हा फरक रोजच्या वागण्यात कसा पाळायचा, यावर विसाव्या शतकात वर्धा जिल्ह्यात जेवढा जाणीवपूर्वक विचार आणि प्रयोग झाला, तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

आंजी (मोठी) हे वर्धा तालुक्यातले गाव वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या खोऱ्यात वसले आहे. हीच धाम पुढे पवनारला जाते. तिच्या काठावर विनोबा भावे यांचा आश्रम आहे. वर्धा शहरात ग्रामोद्योगांचे केंद्र मगनवाडी आहे आणि शहरापासून थोड्याच अंतरावर गांधीजींचा सेवाग्राम आश्रम. कापूस, ज्वारी आणि तूर पिकवणारे आंजीसारखे गाव आणि आहाराचे नियम बांधणारे हे आश्रम एकाच मातीतले, एकमेकांच्या शेजारचे. संध्याकाळच्या खाण्याचा इथला इतिहास या दोहोंना जोडून पाहिला तरच पुरा होतो.

जुन्या काळी या भागातला दिवस शेताच्या घड्याळाने चाले. निंदण, डवरण आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बायामाणसे सकाळी शिदोरी बांधून वावरात जात, दुपारी झाडाखाली भाकर खात आणि दिवस कलताना घरी परतत. त्यानंतर चूल पेटे. रात्रीची भाकर होईपर्यंतचा वेळ निघावा म्हणून मुलांच्या आणि दमून आलेल्या माणसांच्या हातावर काहीतरी ठेवले जाई. ते काय असेल हे ऋतू ठरवी. ज्वारी दुधात आली की हुरडा, पुढे तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, मग बोरे, हरभऱ्याचे भाजलेले घाटे, गव्हाच्या ओंब्या. पावसाळ्यात मक्याचे कणीस आणि काकडी. ओला माल नसेल तेव्हा फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. यातले काहीच नसले तर सकाळची उरलेली भाकर कुस्करून, तेल-तिखट आणि कांदा लावून पुढे येई.

या खाण्यात तीन गोष्टी सारख्या होत्या. पहिली म्हणजे ते वेळ घेणारे होते. शेंग सोलावी लागे, घाटा फोडावा लागे, फुटाणा चावावा लागे. हात आणि दात गुंतलेले असल्यामुळे घाईने फार खाता येत नसे. दुसरी गोष्ट मापाची. मूठ, ओंजळ आणि पसा ही मापे शरीराचीच होती, म्हणून लहान मुलाची मूठ लहान आणि मोठ्या माणसाची मोठी. तिसरी गोष्ट तेलाची. जवस, तीळ, करडई आणि भुईमूग यांचे घाण्यावरचे तेल घरात मोजून वापरले जाई. तळण ही रोजची बाब नव्हती. आषाढात, पोळ्याला आणि दिवाळीला कढई चढे, आणि त्या पदार्थांची गोडी ते क्वचित होत म्हणूनही अधिक असे.

वेळेचेही एक बंधन होते. तिन्हीसांजेला खाऊ नये, झोपू नये, केर काढू नये, असे घरोघर सांगितले जाई. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायचा, मुलांनी हातपाय धुऊन प्रार्थना म्हणायची आणि मग जेवायला बसायचे, असा क्रम होता. बाजारपेठांतली जैन कुटुंबे सूर्यास्तानंतर अन्नच वर्ज्य मानत. या रूढींना धार्मिक आधार दिला जात असला तरी व्यवहारातले कारणही उघड होते. मिणमिणत्या दिव्यात अन्नात किडे पडत, तेल जळे आणि पहाटे उठायचे असे. परिणाम मात्र आहाराच्या दृष्टीने हितकारक झाला. दिवस मावळण्याच्या सुमारास भटके खाणे थांबे आणि त्यानंतर एकच जेवण होऊन दिवस संपे.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खाणे मापात राहण्यामागे संयम होता तसा अभावही होता. वर्धा ज्या मध्य प्रांतात होता त्याने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पाहिले. शेतमजुराच्या घरी संध्याकाळी हातावर ठेवायला काही नसणे ही नित्याची गोष्ट होती. तिथे आवर घालण्याचा प्रश्नच नव्हता, पोट भरण्याचा होता. म्हणून जुन्या आहाराचे गुण सांगताना जुन्या दारिद्र्याचे गुण गाणे योग्य ठरत नाही.

बदल रेल्वेबरोबर आला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहराची उभारणी सुरू झाली आणि १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग इथून गेला. कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरू लागला. गाड्या घेऊन आलेले शेतकरी बाजारात तासन्‌तास ताटकळत आणि त्यांच्यासाठी चहा, चिवडा, शेव, भजी यांची दुकाने लागत. चहा हा तर मुद्दाम पसरवलेला पदार्थ. १९०३ मध्ये चहावरील उपकरातून प्रचाराची यंत्रणा उभी राहिली आणि पुढच्या तीन-चार दशकांत रेल्वे स्थानके, कारखाने आणि बाजार यांच्या वाटेने चहा खेड्यांत शिरला. साखर घातलेल्या चहाने संध्याकाळच्या भुकेला एक नवे उत्तर दिले. तो तरतरी आणी, भूक काही वेळ मारून नेई, पण पोटाला आधार देत नसे.

याच काळात संध्याकाळच्या खाण्याचा विचार एका वेगळ्या दिशेने सुरू झाला होता. १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात महात्मा गांधींनी व्रत घेतले की, हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काहीही खायचे नाही. त्यांच्या यजमानांनी त्यांच्यासाठी केलेली पंचपक्वान्नांची दगदग त्यांना सहन होत नव्हती, हे त्यामागचे एक कारण. आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ हे एक व्रत होते. १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्याचा अर्थ उलगडला. औषध जसे चवीसाठी घेत नाहीत आणि ठरल्यापेक्षा जास्त घेत नाहीत, तसे अन्न शरीर टिकवण्यासाठी, आवश्यक तेवढेच घ्यावे, हा त्याचा गाभा.

हा विचार वर्ध्यात आला तेव्हा त्याला खेड्याच्या अर्थकारणाची जोड मिळाली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे केंद्र उभे राहिले आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल आणि गूळ हे या कामाचे चार खांब होते. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेला बैलघाणा ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखला गेला. धूर कमी करणाऱ्या मगन चुलीचे कामही इथलेच. गिरणीत सडलेल्या तांदळातून आणि कारखान्यातल्या साखरेतून पोषण निघून जाते आणि खेड्यातला रोजगारही जातो, हे दोन मुद्दे इथे एकत्र मांडले गेले.

मगनवाडीत १९३५ मध्ये सोयाबीनचे प्रयोगही झाले. स्वस्तात प्रथिने मिळावीत म्हणून तिथले रहिवासी ते शिजवून खात आणि त्याचे अनुभव ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले जात. पालेभाजीचा काही भाग कच्चा खावा, हा आग्रहही याच वर्षांतला. त्या वेळी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन आणि त्यांच्यानंतर डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचा अभ्यास करत होते. ॲक्रॉइड यांची कोष्टके १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्ध्याचे प्रयोग आणि कुन्नूरचे मोजमाप या दोन वाटा एकमेकींना समांतर होत्या आणि एकमेकींची दखल घेत होत्या.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला गेले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमातले स्वयंपाकघर सामाईक होते. भाजी बहुधा उकडलेली, मसाल्याविना, सोबत भाकरी किंवा पोळी, दूध, गूळ, कधी कडुलिंबाची चटणी. संध्याकाळचे जेवण उजेड असतानाच होई, त्यानंतर फिरणे आणि प्रार्थना. संध्याकाळच्या खाण्याच्या दृष्टीने या दिनक्रमाचे मर्म असे की, ज्या वेळी तोंड चाळवते त्याच वेळी जेवण ठेवले होते. मध्ये काही खाण्याला जागाच उरत नसे. जेवणानंतरचा वेळ चालण्याने आणि प्रार्थनेने भरलेला असल्यामुळे पुन्हा स्वयंपाकघराकडे वळण्याचे कारण नसे.

१९४२ ते १९४४ या काळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकात ही पद्धत नीट मांडलेली आहे. दिवसातून तीन वेळा खाणे पुरेसे आहे, शहरांत लोक मधूनमधून खात राहतात ती सवय घातक आहे आणि पचनेंद्रियांनाही विश्रांती लागते, असे ते सांगतात. बैठे काम करणाऱ्यासाठी त्यांनी मापेही दिली. गाईचे दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाज्या ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्च्या भाज्या १ औंस, तूप दीड औंस आणि गूळ किंवा साखर दीड औंस, शिवाय ऐपतीप्रमाणे फळे. आजच्या मापात दूध सुमारे ९०० ग्रॅम, धान्य १७० ग्रॅम आणि भाज्या मिळून सुमारे २५५ ग्रॅम. गूळ-तुपाचे प्रमाण आजच्या सल्ल्यांच्या मानाने अधिक आहे. पण धान्य कमी आणि दूध-भाज्या भरपूर ही रचना पोट भरलेले ठेवणारी आहे, आणि दोन जेवणांमधली ओढ आवरायला तीच कामी येते.

या शिस्तीला मर्यादा होत्या आणि त्या आश्रमाने लपवल्या नाहीत. १९३५ च्या अखेरीस वर्ध्यात असताना गांधीजींची प्रकृती रक्तदाब वाढून ढासळली होती, आणि पुढेही हा त्रास त्यांना राहिला. मोजका आहार आणि रोजचे चालणे यांमुळे सर्व विकार टळतात असा दावा म्हणूनच करता येत नाही. गांधीजी आहाराकडे प्रयोग म्हणून पाहत, चुकले तर बदलत. दूध सोडण्याचा आग्रह त्यांनी आजारपणात शिथिल करून शेळीचे दूध घेतले, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची पद्धत, पुढे आली. आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी सेवाग्रामात ती रुजवली. तिथे स्वयंपाकघर हाच वर्ग होता. धान्य निवडणे, तोलणे, माणशी किती लागेल याचा हिशेब, भाजी पिकवण्यापासून ताट घासण्यापर्यंतचे काम मुले करत. आपल्या ताटात काय आणि किती आहे हे ज्याला स्वतःच्या हातांनी ठाऊक आहे, त्याला मापात खाण्याचा उपदेश वेगळा करावा लागत नाही. आहारशिक्षणाच्या इतिहासात हा भाग मोलाचा आहे.

विनोबा १९२१ पासून वर्ध्यात होते. १९३८ मध्ये प्रकृती फार खालावल्यावर ते पवनारला धामेच्या काठी राहायला गेले. तिथे शेतात खोदकाम सुरू केल्यावर त्यांचे वजन वाढले आणि तब्येत सुधारली. आहाराचा विचार अंगमेहनतीपासून तोडता येत नाही, हे या प्रसंगातून दिसते. त्याच सुमारास शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातल्या गावोगावी पोचली. ‘ग्रामगीता’ या ग्रंथात त्यांनी गावाच्या आरोग्याचा आणि खाण्यापिण्याच्या शिस्तीचा विचार केला आहे. संध्याकाळी गावकऱ्यांनी एकत्र बसण्याच्या या प्रथेने दिवेलागणीची वेळ खाण्याऐवजी भेटीगाठीची आणि भजनाची केली. आश्रमाचा नियम थोड्या लोकांचा होता, प्रार्थनेची बैठक मात्र गावाची झाली.

स्वातंत्र्यानंतर संध्याकाळचा पाया हळूहळू हलला. वीज आली आणि रात्र लांबली. दूरदर्शनने जेवणाची वेळ मालिकांच्या वेळेला बांधली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर ज्वारीची भाकर रोजच्या ताटातून मागे हटली. पुढे विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटत गेले आणि तिच्या जागी सोयाबीन पसरले. मगनवाडीत जे स्वस्त प्रथिन म्हणून ताटात आणले जात होते, ते सोयाबीन आता वर्ध्याच्या शेतांत अमाप पिकते, पण घरात न थांबता तेलगिरणीत जाते. पेंड जनावरांच्या खाद्याला आणि तेल डब्यांतून परत गावात. स्वस्त तेल आले तशी कढई सणाची राहिली नाही. आलुबोंडा, समोसा, कचोरी, भजे, सांबारवडी हे पदार्थ बसस्थानकाच्या आणि चौकाच्या टपऱ्यांवर रोज संध्याकाळी तयार मिळू लागले. त्यांच्या जोडीला छोट्या पुड्यांतले कुरकुरे आणि बिस्किटे किराणा दुकानाच्या दाराशी लटकू लागली. मुलाच्या हातात पाच रुपयांची पुडी, असा हा नवा काळ.

आरोग्याच्या नोंदींतही हा बदल दिसतो. गांधीजींच्या निकटच्या सहकारी डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. या संस्थेच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाने आंजी, गौळ आणि तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत दीर्घकाळ काम केले. सुरुवातीची चिंता बालकांच्या कुपोषणाची, मातांच्या रक्तक्षयाची आणि संसर्गजन्य रोगांची होती. ती संपलेली नाही, पण तिच्या शेजारी मधुमेह आणि उच्च रक्तदाब येऊन बसले आहेत. देशपातळीवर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजन प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पुरुषांत ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. एकाच घरात अशक्त मूल आणि स्थूल प्रौढ असू शकतात, हे आजच्या खेड्याचे वास्तव आहे.

शरीरशास्त्राने दिलेली माहिती जुन्या रूढीशी बरीच जुळते. शरीराच्या अंतर्गत घड्याळानुसार भूक आणि गोड, खारट, पिठूळ खाण्याची ओढ संध्याकाळी सर्वाधिक असते, सकाळी सर्वांत कमी. त्याच वेळी रक्तातली साखर आवरण्याची क्षमता सकाळच्या मानाने मंदावलेली असते. म्हणजे ज्या वेळी मन मागते त्या वेळी शरीराला कमी झेपते. ही ओढ दुबळ्या मनाची खूण नाही, देहाची रचना आहे. दुपारचे जेवण अपुरे झाले, त्यात डाळ-भाजी नसली किंवा झोप कमी झाली, तर ती आणखी वाढते. म्हणून संध्याकाळचा बंदोबस्त दुपारीच सुरू करावा लागतो.

पदार्थ निवडताना पुढील हिशेब उपयोगी पडतो. ३० ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे ११० किलोकॅलरी आणि ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय भरपूर तंतू. तेवढ्याच शेंगदाण्यांतून साधारण १७० किलोकॅलरी मिळतात. ते पौष्टिक खरे, पण मूठ एकच हवी. एका चमचाभर तेलात सुमारे ४० किलोकॅलरी असतात आणि तळलेला पदार्थ किती तेल पितो हे खाणाऱ्याला दिसत नाही. दोन चमचे साखरेच्या चहाचे तीन कप झाले की सुमारे ३० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले, आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत. शेव आणि पुड्यांतल्या पदार्थांनी मिठाची मर्यादा लवकर ओलांडली जाते.

या साऱ्या इतिहासातून संध्याकाळ सांभाळण्याचे जे नियम निघतात ते थोडे आणि करता येण्यासारखे आहेत. चार ते सहाच्या दरम्यान एकदाच, मूठभर भाजलेले किंवा उकडलेले खावे. फुटाणे, लाह्या, तुरीच्या शेंगा, मोड आलेली मटकी, ताक, काकडी, पेरू हे सारे या भागात सहज मिळते. डब्यातून किंवा पुडीतून थेट न खाता वाटीत काढून, बसून खावे. रात्रीचे जेवण शक्य तितके लवकर उरकावे आणि त्यानंतर थोडे चालावे. तळण सणाला किंवा आठवडी बाजाराच्या दिवसाला ठेवावे, म्हणजे त्याचा आनंदही टिकतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि स्तनदा माता, वाढती मुले आणि दिवसभर उन्हात राबणारे मजूर यांना मात्र मधले खाणे आवश्यक असते. त्यांनी आश्रमाच्या नियमाची नक्कल करू नये, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

यातला सर्वांत महत्त्वाचा धडा घरात काय साठवले जाते याचा आहे. जुन्या आंजीत संध्याकाळी हात ज्या मडक्याकडे जाई त्यात हरभरा आणि ज्वारी होती. सेवाग्रामात तर मधल्या वेळेला काढायला काही ठेवलेच नव्हते. दोन्हीकडे संयम टिकला तो दिनक्रमाच्या आणि साठवणीच्या आधाराने. निश्चय रोज नव्याने करावा लागतो, पण डब्यात भरलेले फुटाणे महिनाभर तिथेच असतात.